किल्लीचा गणिताचा तास

चिठ्ठ्या टाकून शाळेची समिती निवडायची, असं मी घरी जाहीर केलं तेव्हा नवऱ्याने हातातला कप खाली ठेवला. "नवरा निवडताना सगळं घर डोक्यावर घेतलं होतंस, आणि अध्यक्ष मात्र डब्यातून काढणार?" मी म्हटलं, नवऱ्याच्या बाबतीतही डबाच बरा पडला असता. तो हसला नाही. बराच वेळ कप धूत राहिला.

पण मला दुसरा उपाय दिसत नव्हता. आमच्या शाळेत चार वस्त्यांमधली मुलं येतात आणि घरी चार वेगवेगळ्या भाषा बोलतात. शाळेत आल्यावर पाचवी, म्हणजे शाळेची. खालच्या गल्लीतले लोक जुने. वरच्या वस्तीतले कामाच्या शोधात मागाहून आलेले. नव्या इमारतींतले अजून सामान सोडवतायत, आणि पुलापलीकडचे कधी आले ते त्यांनाही आठवत नाही. समितीची निवडणूक दर वेळी व्हायची आणि दर वेळी खालच्या गल्लीतलेच निवडून यायचे, कारण मुळात मत द्यायला तेच यायचे. मग गणवेश अध्यक्षांच्या मेहुण्याकडून, बाकं अध्यक्षांच्या भाच्याकडून, आणि तक्रार करायची झाली तर अध्यक्षांच्या बायकोकडे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसा कारभार.

मी मुख्याध्यापिका झाले आणि कंबर कसली. आधी सगळ्या पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या आणल्या. मग स्टूल आणलं. समितीपुढे ज्याच्या घरचा विषय निघेल त्याने खुर्चीवरून उठायचं आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसायचं, विषय संपेपर्यंत परत यायचं नाही, असा नियम केला. कुणाही मुलाचं नाव मधूनच काढायचं झालं तर त्याची सुनावणी समितीपुढे होईल, हाही नियम माझाच. आमचे उपमुख्याध्यापक, ज्यांना अख्खी शाळा नियमसर म्हणते, ते इतके खूश झाले की त्यांनी सगळे नियम पाठ करून टाकले.

या सगळ्याच्या आधी मी 'दुवा' सुरू केलं होतं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता. प्रत्येक वस्तीतली एक चुणचुणीत मुलगी किंवा मुलगा निवडायचा आणि पालक आले की भाषेची अडचण त्यांनी सोडवायची. पुढे बाकीचे दुवे आपोआप गळाले, कारण वरच्या वस्तीतली एकटी पोरगी सगळ्यांना पुरून उरली. तिचे वडील चौकात टपरीवर किल्ल्या बनवतात, म्हणून पोरं तिला किल्ली म्हणायची. खेळता खेळता ती चारही भाषा शिकली होती. कुठल्याही आजोबांशी, कुठल्याही भांडखोर आईशी दोन मिनिटांत तिचं जमायचं. बाहेरगावचे मुख्याध्यापक आमची शाळा पाहायला यायचे तेव्हा मी तिलाच पुढे करायचे. ते वहीत काहीबाही लिहून घ्यायचे आणि मी फुगायचे.

चिठ्ठ्या काढायच्या दिवशी सकाळी किल्लीचे वडील माझ्या खोलीत आले. हातात अर्ज होता. आठवीतून मुलीचं नाव काढायचं होतं.

"का?" मी विचारलं.

"घरची अडचण आहे, बाई."

"कसली अडचण?"

"तिची आई कपडे धुण्याच्या कारखान्यात लागलीय. धाकटी जुळी घरी असतात." एवढं बोलून ते माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

झालं. माझं डोकं फिरलं. मुलींचं शिक्षण, बापाची जबाबदारी, उद्याचे दिवस, एकामागून एक सगळं मी त्यांना ऐकवलं. माझा आवाज चढला की नियमसर हळूच दार लावून घेतात. तेही त्यांनी लावलं. किल्लीवाले मान हलवत राहिले. मी थांबले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "खरंय, बाई. सगळं खरंय. पण अर्ज घ्या." मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी. म्हटलं, आता समितीच काय ते बघेल.

दुपारी सभागृहात पहिलीतल्या एका मुलीने डब्यात हात घातला. पावाच्या भट्टीवाल्या काकांचं नाव निघालं, मग शाळेच्या वाटेवरची बस चालवणाऱ्या ताईंचं, मग आणखी दोघांचं. अध्यक्षाची चिठ्ठी शेवटी काढायची होती. ती नियमसरांनी उलगडली, वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मागच्या बाकावर किल्लीवाले बसले होते. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, आपल्या नावाचा दुसरा कुणी तर नाही ना म्हणून.

"मॅडम, परत काढायची का?" नियमसरांनी कानात विचारलं.

"परत काढायची तर डबा कशाला आणला?" मी म्हटलं. म्हटलं खरं, पण मग सगळं ध्यानात आलं. ज्या माणसाला मी सकाळी झापलं होतं तो आता माझ्या शाळेचा अध्यक्ष होता, आणि त्याच्यापुढचा पहिला अर्ज त्याचाच होता. नवऱ्याला मी हे चार दिवस सांगितलंच नाही.

बैठकीला किल्लीवाले कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. केस ओले, भांग सरळ. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी ती हलवून पाहिली आणि एक पाय डुगडुगतोय असं सांगून खाली कागदाची घडी सारली. मग बसले आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. नळाचा विषय झाला, मैदानाच्या कुंपणाचा झाला. कुंपणाच्या कुलुपाचा निघाला तेव्हा ते उठून स्टुलावर जायला लागले.

"अहो, आता कुठे निघालात?" ताईंनी विचारलं.

"कुलूप म्हणजे माझा धंदा. घरचाच विषय झाला ना."

कुलपाचा विषय बाजूला ठेवला. मला हसावं की रडावं ते कळेना. एवढा नियम पाळणारा अध्यक्ष मला हवा होता, आणि मिळाला तर माझाच जीव टांगणीला लागला.

मग त्यांनी पुढचा कागद उचलला. "आठवीतल्या मुलीचं नाव काढण्याबाबत. अर्जदार..." ते थांबले. "अर्जदार मी." उठले, कागद खुर्चीवर ठेवला आणि दाराजवळ स्टुलावर जाऊन बसले.

खुर्ची रिकामी. आम्ही सगळे कागदाकडे बघत बसलो.

"आता पुढे कोण बोलणार?" बसवाल्या ताईंनी विचारलं.

"अध्यक्ष," नियमसर म्हणाले.

"ते तर स्टुलावर आहेत."

"तिथे ते अर्जदार आहेत. अर्जदार म्हणून बोलू शकतात."

"मग त्यांना प्रश्न कोण विचारणार?"

"अध्यक्ष," नियमसर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच गप्प झाले.

किल्लीवाल्यांनी जरा वेळ विचार केला. मग उठले आणि खुर्चीत येऊन बसले. "अध्यक्ष म्हणून विचारतो. अर्जदाराने कारण सांगावं." पुन्हा उठले, स्टुलावर गेले. "घरची अडचण आहे." परत खुर्ची. "कसली अडचण, ते स्पष्ट सांगावं." परत स्टूल. स्टुलावर मात्र ते काहीच बोलले नाहीत. भट्टीवाले काका इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि ताईंनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या.

माझा पारा चढला. मला वाटलं, हा माणूस माझी, माझ्या नियमांची आणि त्या पोरीच्या आयुष्याची सरळ सरळ थट्टा करतोय. "हा काय पोरखेळ लावलाय तुम्ही?" मी टेबलावर हात आपटला. "मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे!"

"बाई, नियम तुमचाच आहे," ते स्टुलावरून म्हणाले. थट्टा नव्हती त्यात. कपाळावर घाम आला होता त्यांच्या. "अर्जदाराने मुलीला शब्द दिलाय. तो कारण सांगणार नाही." मग ते परत उठले, खुर्चीत बसले आणि हात पुन्हा खुर्चीच्या हातांवर ठेवले. "अध्यक्षाने कुणालाच शब्द दिलेला नाही. मुलीला बोलवा."

ती वर्गात नव्हतीच. शिपाई तिला कचेरीतून घेऊन आला. पुलापलीकडचं एक जोडपं दाखल्यासाठी आलं होतं, त्यांना ती समजावत होती. आली ती धापा टाकत, आणि दारातच म्हणाली, "बोला, कुणाचं अडलंय?"

"तुझंच," भट्टीवाले काका म्हणाले. हसणं संपलं होतं त्यांचं.

तिने स्टुलाकडे पाहिलं. वडील एव्हाना तिथे परत गेले होते आणि जमिनीकडे बघत होते. "बाबा, तुम्ही सांगितलंत?"

"मी नाही सांगितलं काही. अध्यक्षांनी बोलावलं तुला."

"अध्यक्ष तुम्हीच ना?"

"आत्ता नाही."

पोरगी गोंधळली, आणि मीही. माझ्या मनात सगळं भाषण तयार होतं. बापाच्या मर्जीविरुद्ध शिकू पाहणारी मुलगी आणि तिच्या पाठीशी उभी असलेली शाळा. मी तिला म्हटलं, "घाबरू नकोस. तुला शाळा सोडायची नसेल तर तसं सांग. इथे कुणी तुला रागावणार नाही."

"मलाच सोडायचीय, बाई," ती म्हणाली. "बाबा नको म्हणत होते. मीच त्यांच्या मागे लागले."

मला वाटलं, तिने उलटं सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, एखाद्या आजीला समजावते तसं. मग तिचा बांध फुटला. वर्गात बसायलाच मिळत नाही. पहिल्या तासाला कचेरीतून बोलावणं, दुसऱ्याला बालवाडीतून, कारण कुणीतरी रडतंय आणि का रडतंय ते बाईंना कळत नाही. तिसऱ्याला पाहुणे. गणितात ती नापास झाली होती. वर्गात बाकीचे काय शिकले तेच तिला माहीत नव्हतं. शिक्षक म्हणायचे, तू हुशार आहेस, घरी करून घे. घरी आई कामावर, आणि जुळी. "घरीही हेच करायचं आणि इथेही हेच. घरी निदान एकाच भाषेत बोलावं लागतं."

"पण तुला ते आवडायचं ना?" माझा आवाज मलाच लहान वाटला.

"आवडतं. म्हणूनच नाही म्हणता येत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस? घरची अडचण का सांगितलीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाई. 'दुवा' तुमचं आहे."

आठवीतल्या मुलीने माझं मन सांभाळायला स्वतःची शाळा सोडायची ठरवली होती, आणि मी तिच्या बापाला मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व ऐकवत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मनाचा एक कोपरा भांडतच होता. मग ती माणसं बोलणार कशी? पुलापलीकडची आई तापलेलं लेकरू घेऊन आली तर? 'दुवा' नव्हतं तेव्हा ती दारातूनच परत जायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. यातलं चूक काय आणि बरोबर काय, मला त्या क्षणी खरंच सांगता आलं नसतं.

"मतदान घ्यावं लागेल," नियमसर म्हणाले. "अर्ज मंजूर की नामंजूर."

"अर्जदाराला अर्ज मंजूर व्हायला नकोय," स्टुलावरून आवाज आला.

"अर्जदारच अर्जाच्या विरोधात? त्याला नियम नाही!" नियमसरांचा चेहरा रडवेला झाला.

बसवाल्या ताईंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून किल्लीला जवळ बोलावलं. "तुला काय हवंय, ते सांग बघू. अर्ज जाऊ दे खड्ड्यात."

किल्लीने जरा विचार केला. "जेवणाच्या सुट्टीनंतर गणित आहे. तो तास मला पूर्ण बसू द्या. कुणीही, कशालाही बोलावू नका. मग सांगते, राहते की जाते."

एवढंच मागितलं तिने. एक तास. मी हो म्हटलं, आणि वर शिक्षकांच्या खोलीत, कचेरीत, बालवाडीत स्वतः जाऊन बजावलं की आकाश कोसळलं तरी किल्लीला हाक मारायची नाही.

आकाश सुट्टीनंतर लगेच कोसळलं. नव्या इमारतींतल्या एक आजी फाटकातून तरातरा आत आल्या, डोक्यावरचं कापड सावरत, मोठमोठ्याने बोलत, आणि बोलता बोलता रडत. शिपायाने त्यांना माझ्यापुढे आणून उभं केलं. त्यांनी माझा हात धरला आणि बोलायला लागल्या. मला एक अक्षर कळलं नाही. मी पाणी दिलं, त्यांनी पेला बाजूला सारला. मी खुर्ची दिली, त्या बसेनात.

किल्लीवाले बैठकीच्या वहीवर सही करायला अजून थांबले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. "ही भाषा मला नाही येत, बाई," ते म्हणाले. "तिलाच येते." आणि आपण काय बोललो हे जाणवून त्यांनी मान फिरवली.

नियमसर कुजबुजले, "मॅडम, म्हातारी माणसं... कुणी आजारी असेल घरी. दोन मिनिटांसाठी बोलवू का?"

मी हो म्हणणार होते. खोटं कशाला बोलू? आजींनी माझा हात सोडलाच नव्हता. मी त्यांना घेऊन आठवीच्या वर्गापर्यंत गेलेही. दाराच्या काचेतून किल्ली दिसली, दुसऱ्या बाकावर, पुढे झुकून लिहिताना. आजींचा आवाज ऐकून तिने मान वर केली. मला पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि न सांगताच उठायला लागली. बाकाला धरून अर्धवट उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. सवय होती, आणि तीच मला बघवली नाही. मी हाताने खूण केली. बस. ती बसली. मी आजींना ओढतच तिथून पुढे नेलं.

मग आम्ही दोघी शाळाभर फिरलो. आजी बोलत होत्या, मी मान हलवत होते. मी माझ्या भाषेत काहीतरी विचारायचे, त्या त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायच्या, आणि दोघींनाही वाटायचं की समोरचीला कळत कसं नाही. मी पोटावर हात ठेवून विचारलं, दुखतंय का? त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि काळजीने मान हलवली. त्यांना काय वाटलं देव जाणे. प्रत्येक वर्गाचं दार उघडून मी त्यांना आत दाखवत गेले. पहिलीच्या वर्गात त्यांनी एकदम किंकाळी फोडली आणि बाकांमधून वाट काढत एका नातवाला गाठलं. आधी त्याचा कान पिळला, मग त्याला छातीशी धरलं. पोरगा खजील होऊन इकडेतिकडे बघत होता. सकाळी रुसून, कुणालाही न सांगता एकटाच शाळेत निघून आला होता, असं त्याने मला शाळेच्या भाषेत सांगितलं. घरी सगळे शोधत होते. एवढंच होतं सगळं, आणि त्यासाठी आम्ही अख्खी शाळा पालथी घातली होती.

तासाची घंटा झाली. मी आठवीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. किल्लीवाले माझ्या मागे, टोपी हातात घेऊन. किल्ली बाहेर आली.

"सापडला का नातू?" तिने विचारलं.

मी बघतच राहिले. "तुला कसं कळलं?"

"आजी सगळं तेच तर सांगत होत्या. सकाळपासून नातू दिसत नाही, सून रडतेय, मुलगा नदीकडे शोधायला गेलाय. शाळेत आलाय का, एवढंच सांगा. वर्गात सगळं ऐकू येत होतं." ती थांबली. "मध्ये तुम्ही त्यांना विचारलंत ना पोट दुखतंय का? त्या म्हणाल्या, बिचाऱ्या बाईंनाच काहीतरी झालंय."

"आणि गणित?" वडिलांनी विचारलं.

तिने वही उघडून दाखवली. पहिलं उदाहरण पूर्ण होतं, दुसरं अर्ध्यावर थांबलं होतं. त्याच्या खाली काहीच नव्हतं. "पुढचं ऐकूच नाही आलं, बाबा. मी बसले होते. पण मी तिकडेच होते."

मुलं आम्हाला वळसा घालून जात होती. मला वाटत होतं, मी आज नियम पाळला, शब्द पाळला, म्हातारीला शाळाभर हिंडवलं, आणि तरीही या पोरीला तो एक तास देऊ शकले नाही. तिच्या कानातून शाळा बाहेर कशी काढायची, ते कुठल्या समितीत ठरवतात?

"मग?" मी विचारलं. "जातेस?"

किल्लीने वही मिटली आणि वडिलांकडे पाहिलं. त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली. आपण आत्ता कोण आहोत हे बहुधा त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

"उद्या पण गणित आहे," ती म्हणाली. "उद्या बसून बघते. पण बाई, कुणी आलं तर त्यांना इकडून नका आणू. त्या टोकाला न्या, मैदानाकडे. आणि हळू बोला."